आई-बाबांना घेऊन डच शेतकऱ्यांच्या छोट्या कॅम्पिंगवर, कॅम्परने: जमेल का?

पाटाचं_पाणी
नमस्कार मंडळी. मी आम्स्टेलफेनला राहते. येत्या मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून येताहेत. मागच्या खेपेला ट्यूलिप, पवनचक्क्या, कालव्यातली बोट सगळं झालं. बाबांचं उभं आयुष्य ऊस आणि जनावरांत गेलंय. त्यांचा एकच प्रश्न असतो, "इथला शेतकरी कुठं भेटतो?" शहरात राहून आणि बसने फिरून तो भेटत नाही, हे मला पटलंय.

म्हणून या वेळी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायचा बेत आहे. जलतरण तलाव नि करमणुकीचे कार्यक्रम असलेल्या मोठ्या कॅम्पिंगवर जायचं नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यामागे जी मिनीकॅम्पिंगं असतात, तिथेच राहायचं. ढोबळ वाट अशी: वुर्डेनच्या बाजूने सुरुवात, मग आफ्सलाउटडाइक (समुद्र अडवणारा लांब बांध) ओलांडून फ्रीसलँड, पुढे ड्रेन्थ, आणि फ्लेव्होलँडमधून परत.

आम्ही चौघं. बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी. कोणी आई-वडिलांना घेऊन असं राहिलंय का? संडास-बाथरूम, स्वयंपाक, झोपायची सोय, गाडी शेतात नेणं, जे सुचेल ते सांगा.

सायकलवाली
अगदी जरूर जा! आम्ही दर उन्हाळ्यात जातो आणि मोठ्या कॅम्पिंगवर आता पाय ठेववत नाही.

चित्र साधारण असं असतं. घर, गोठा, त्यामागे गवताचा तुकडा, भोवती झाडांचं कुंपण. गाड्या कडेकडेने लावायच्या, मधलं मैदान मोकळं. पूर्वी कायद्यानेच जागा मोजक्या असत, १५च्या आसपास. तो कायदा २००८ मध्ये गेला आणि आता किती गाड्या ठेवायच्या ते नगरपालिका ठरवते. बहुतेक ठिकाणी १५ ते २५. एवढ्या कमी लोकांत मालक स्वतः येऊन जागा दाखवतो, संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून बोलतो. तुझ्या बाबांना जे हवंय ते इथेच मिळेल.

शोधायला एसव्हीआर आणि वेकाबो या शेतकरी कॅम्पिंगवाल्यांच्या दोन जुन्या संस्था आहेत. एसव्हीआरच्या जागांवर राहायचं तर त्यांचं वार्षिक देणगीदार कार्ड घ्यावं लागतं. शिवाय कॅम्परकॉन्टॅक्ट ॲप आहेच, त्यात लोकांनी अलीकडे टाकलेले शेरे वाचून जागा ठरव. वीज धरून रात्रीचे २० ते ३० युरो पडतात, वर माणशी पर्यटन कर. रोख जवळ ठेव.

एक महत्त्वाचं: मे महिन्यात हेमेलफार्ट आणि पिंक्स्टरन या सुट्ट्यांना जोडून सगळा देश कॅम्पिंगला बाहेर पडतो. त्या दिवसांचं आरक्षण आत्ताच कर. बाकीच्या दिवशी आदल्या दिवशी फोन केला तरी चालतं.

घाटमाथा
सायकलवालीताईंचा उत्साह समजतो, पण मी विरोधात मत देणार. सत्तरीची माणसं, दुखरे गुडघे, वर मे महिन्यातला डच पाऊस! कॅम्परची पायरी चांगली गुडघाभर उंच असते. रात्री संडासला उठायचं तर अरुंद बोळातून जायचं. त्यापेक्षा त्याच शेतकऱ्यांकडे खोल्या किंवा लाकडी घरं भाड्याने मिळतात, ती घ्या आणि साध्या कारने फिरा. शेतकरी तोच भेटेल, पाठ मात्र शाबूत राहील.

रानजाई
वाचनखूण साठवली. लक्ष ठेवून आहे.

मधली_आळी
घाटमाथा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहेत. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलोय, त्यावरून सांगते.

पहिली गोष्ट, गाडी निवडताना बिछान्यांचा नकाशा बघ. मागे लांबीच्या दिशेने दोन सुटे बिछाने असलेली गाडी घे. आडवा डबल बेड असला की आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा शिडीचा बिछाना तुम्ही दोघांनी घ्या. खाली ठेवायची जास्तीची पायरी अगदी स्वस्तात मिळते, तिच्यामुळे सासूबाईंचा त्रास निम्मा झाला.

दुसरी, "चार जण झोपू शकतात" म्हणजे चार जण प्रवास करू शकतात असं नाही. पट्टा असलेल्या जागा मोजून घे. गाडी चालू असताना मागे आडवं पडून जाता येत नाही.

तिसरी, संडास. गाडीतल्या संडासच्या काढता येणाऱ्या टाकीत, म्हणजे कॅसेटमध्ये, साधारण १८-२० लिटर मावतं, चार माणसांना ती दीड-दोन दिवसांत भरते. दिवसा कॅम्पिंगचा संडास वापरायचा आणि गाडीतला फक्त रात्रीसाठी ठेवायचा. मग कॅसेट पुरते. छोट्या जागी दोन-तीनच संडास असतात, पण लख्ख! बऱ्याचदा मालकीण स्वतः धुते. टॉयलेट पेपर काही ठिकाणी आपला न्यावा लागतो. पाण्याची सवय असलेल्यांसाठी पिळून वापरायची छोटी बाटली सोबत ठेव. आई-बाबा मोकळेपणी बोलणार नाहीत, आपणच आधी हातात द्यावी.

आणि कॅसेटमध्ये निळं रसायन टाकू नकोस, हिरवं घे. अनेक शेतांवर सांडपाणी त्यांच्याच सेप्टिक टाकीत जातं, निळ्या रसायनाने तिथले जिवाणू मरतात. काही ठिकाणी तशी पाटीच असते.

घाटमाथा
सुट्या बिछान्यांचा मुद्दा मान्य. तरी वजनाकडे लक्ष द्या. साध्या बी परवान्यावर ३५०० किलोपर्यंतच चालवता येतं. भाड्याच्या गाड्या मुळातच ३००० किलोच्या आसपास असतात. चार मोठी माणसं, सामान, सायकली आणि १०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १०० किलो पाणी. काटा ओलांडायला वेळ लागत नाही. प्रवासात टाकी पाव भरलेली ठेवा, पोचल्यावर भरा. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं असतं.

वीजमीटर
विजेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. मी आइंडहोवनला, पेशाने इलेक्ट्रिकल.

शेतावर बहुतेक ६ अँपिअर मिळतात, कुठे ४, कुठे १०. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. घरची पाण्याची किटली २००० च्या वर असते, ती लावली की फ्यूज उडाला. फ्यूजची पेटी अनेकदा कुलपात असते आणि किल्ली गोठ्यात काम करणाऱ्या माणसाकडे! इंडक्शन शेगडी विसरा. ७५० वॉटचा मिक्सर चालेल, पण त्याच वेळी हीटर नको. फ्रिज विजेवर, स्वयंपाक गॅसवर, चहाचं आधण गॅसवर. निळा तीन पिनांचा प्लग आणि २५ मीटरची केबल गाडीत आहे का ते भाड्याने घेतानाच बघा. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, तापते. पूर्ण सोडून गवतावर पसरा.

दूधपंढरी
पाटाचं_पाणी, तुझा धागा वाचून मला माझे वडील आठवले, म्हणून लॉगिन केलं. एरवी मी नुसती वाचते.

आम्ही कोल्हापूरकडचे, घरात कायम म्हशी. बाबांना घेऊन आम्ही फ्रीसलँडमध्ये एका मिनीकॅम्पिंगवर राहिलो होतो. गोठ्यात दूध काढणारा यंत्रमानव होता. गाईच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून तो तिला ओळखतो, तिची वेळ झाली असेल तर फाटक उघडतो, सड धुतो आणि लेसरने जागा शोधून नळ्या लावतो. गाय आपल्या मर्जीने येते, आपल्या मर्जीने जाते. बाबा तिथे स्टूल टाकून बसले ते उठेनात. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "ती काळी अजून आली नाही, ती येऊ दे."

संध्याकाळी शेतकरी आला. बाबांना इंग्रजी येत नाही, त्याचंही बेताचंच. मी दुभाषी. बाबांचा पहिला प्रश्न, "फॅट किती लागते?" तो म्हणाला, साडेचारच्या आत-बाहेर. बाबांनी सांगितलं, आमच्या म्हशीला ७ लागते. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला वाटलं माझं भाषांतर चुकलं. मग मोबाईलवर म्हशी दाखवल्या, चाऱ्याचे, वैरणीच्या गंजीचे फोटो दाखवले. त्यालाही पैसे फॅट आणि प्रोटीनवर मिळतात, बाबांना फॅट आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मिळायचे. त्यापुढे त्यांना माझी गरज उरली नाही. बोटांनी आकडे, हातांनी कासेचा आकार, गव्हाणीतला मका मुठीत घेऊन वास. दूध दराबद्दल दोघांनी मान हलवली ती सारखीच.

लोक म्हणतात म्हाताऱ्या माणसांना परदेशात करमत नाही. त्यांना तिथे स्वतःच्या जाणतेपणाचा उपयोग होत नाही, हे त्याचं खरं कारण. त्या गोठ्यात बाबा पाहुणे नव्हते, जाणकार होते. एका गाईच्या चालीवरून त्यांनी तिचा मागचा खूर दुखतोय हे ओळखलं आणि शेतकऱ्याने ते वहीत टिपून घेतलं. म्हणून म्हणते, पाठ थोडी दुखली तरी चालेल, ने त्यांना.

खडीसाखर
दूधपंढरी, फार सुंदर. शेतकऱ्याने काकांना परत पाठवलं ना, की ठेवूनच घेतलं?

दूधपंढरी
खडीसाखर, सुगीपर्यंत थांबा म्हणत होता. :)

एक राहिलं. काही शेतांवर कच्चं दूध मिळतं, नळ असतो, बाटली आपली न्यायची. उकळून प्या अशी पाटी असते, आपण उकळतोच. दुकानातल्या दुधावर साय धरत नाही म्हणून आईची तक्रार असायची. या दुधावर जाड साय आली. विरजण लावून, लोणी काढून तिने कॅम्परच्या शेगडीवर तूप कढवलं!

चिखलवाट
जमिनीचा विषय मी घेतो, कारण कॅम्परवाल्यांसाठी छोट्या शेतावर खरी अडचण तीच. मोठ्या कॅम्पिंगवर पक्की जागा असते, इथे गवत.

भाड्याच्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांची ओढ असते आणि वजन मागे. ओल्या गवतावर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि खड्डा करतात. फ्रीसलँड, फ्लेव्होलँड आणि ग्रोनिंगनच्या किनाऱ्याकडे चिकणमाती, वुर्डेनच्या बाजूला पीट म्हणजे दलदलीची मऊ माती. ड्रेन्थ आणि फेलुवेत वाळू, तिथे पाऊस पडून तासाभरात जमीन कोरडी. त्यामुळे पावसाचा अंदाज असेल तर आधी ड्रेन्थ उरका.

जागेवर जाताना उलटी गाडी घालायची, म्हणजे पुढची चाकं पक्क्या वाटेवर किंवा निदान वाटेजवळ राहतात. मालकाला फोनवरच गाडीची लांबी आणि वजन सांगा. काही जण स्पष्ट सांगतात की ओल्यात मोठा कॅम्पर नको. तसं सांगणारा भला माणूस समजावा. आमच्या शेजारी एक जर्मन जोडपं रात्रभराच्या पावसात रुतलं होतं, सकाळी ट्रॅक्टरने ओढून काढलं. मालक काही बोलला नाही, पण ते गवत त्याला हंगामभर परत येणार नव्हतं.

आणि बांधावरचे, पोल्डरमधले (पाणी उपसून कोरड्या केलेल्या सखल जमिनीतले) रस्ते! दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, रुंदी एका गाडीची. "झाख्टे बेर्म" अशी पाटी दिसली की कडेच्या गवतावर चाक अजिबात उतरवायचं नाही, कड खचते. समोरून ट्रॅक्टर आला तर जिथे रुंदी आहे तिथेच थांबून त्याला येऊ द्या. मे महिन्यात गवत कापणी जोरात असते, त्यांना घाई असते.

नवा_गडी
एक बाळबोध प्रश्न. एवढं आरक्षण वगैरे कशाला? गाडीतच झोपायचंय तर छानशी जागा बघून रस्त्याकडेला लावली तर?

वीजमीटर
नाही चालत. जवळपास सगळ्या नगरपालिकांत ठरवून दिलेल्या जागेबाहेर मुक्कामाला बंदी आहे, दंड होतो. निसर्गात तंबू टाकायलाही मनाई. १ कोटी ८० लाख लोक एवढ्याशा देशात, प्रत्येक तुकडा कोणाचा तरी असतो.

शिवनेरीकर
ड्रेन्थला जाताय तर दोन गोष्टी चुकवू नका. एक, बोर्गरचं हुनेबेड, साधारण ५००० वर्षांपूर्वीचं शिळांचं थडगं. असली ५२ एकट्या ड्रेन्थमध्ये आहेत. दुसरी, वेस्टरबोर्कच्या १४ रेडिओ दुर्बिणी, एका रांगेत, प्रत्येक २५ मीटरची. आमच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ३० आहेत, ४५ मीटरच्या. मी त्या बघत वाढलो, त्यामुळे जंगलातून चालत जाऊन अचानक ती रांग दिसली तेव्हा गावी आल्यासारखं वाटलं. दुर्बिणींपाशी मोबाईल बंद ठेवायचे असतात. मात्र शेजारीच नाझी काळातल्या संक्रमण छावणीची जागा आहे, तिथून १ लाखाहून अधिक ज्यूंना पूर्वेकडे पाठवलं गेलं. ते बघायला वेगळा वेळ आणि मनाची तयारी ठेवा.

आणखी एक, मे-जूनमध्ये ड्रेन्थमधल्या ओकच्या झाडांखाली टेबल मांडू नका. ओकवर एक सुरवंट येतो, त्याचे केस वाऱ्याने उडून अंगाला भयंकर खाज सुटते. झाडाला फीत बांधलेली दिसली की लांब राहा.

जाता जाता अवांतर: आपल्याकडे महाराष्ट्रात २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं, २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचंही. पण शेतात चार कॅम्पर उभे आहेत असं दृश्य मी अजून पाहिलेलं नाही. का बरं?

घाटमाथा
कारण आपल्याकडे शेतकरी पाहुणचार विकतो आणि इथला शेतकरी मोकळी जागा विकतो. आपल्या कृषी पर्यटन केंद्रावर पिठलं-भाकरी, हुरडा, बैलगाडी, झोपाळा, रात्री भजन हे सगळं हवंच. त्याला घरची सहा माणसं राबतात. इथे गवत, नळ, विजेचा खांब आणि संडास, बस. मालक दिवसभर आपल्या कामात. कमाई थोडी, पण खर्च आणि मनुष्यबळही थोडं.

शिवनेरीकर
थोडा असहमत. आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याला नुसतं गवत दाखवलं तर आमच्या आजीला झोप लागणार नाही. ती राबणारी माणसं ओझं म्हणून राबत नाहीत. पण एक मान्य, शनिवार-रविवारी पन्नास माणसं येतात आणि मधले पाच दिवस कोणी नाही. तिथे कॅम्परसारखा शांत गिऱ्हाईक बरा पडेल. रस्ता आणि संडास मात्र तेवढे चांगले हवेत.

सायकलवाली
इथेही हा जोडधंदाच आहे हे विसरू नका. २०१९ नंतर नायट्रोजनच्या (जनावरांच्या शेणमुतातून होणाऱ्या प्रदूषणाच्या) प्रश्नावरून इथला दूध उत्पादक हैराण आहे. २०२२च्या उन्हाळ्यात आम्ही फिरलो तेव्हा गावोगावी उलटे झेंडे लावलेले होते, निषेध म्हणून. माझं स्वतःचं मत पर्यावरणाच्या बाजूने आहे, इथे गाई खरंच जास्त आहेत. तरी त्या शेतात राहून, त्या घरातला मुलगा गोठा पुढे चालवू का नको म्हणताना ऐकलं की मत मांडताना आवाज खाली येतो. बाबांनी विषय काढला तर शेतकरी मनापासून बोलेल, फक्त वेळ काढून ठेव.

कांदेपोहे_लासलगाव
फ्लेव्होलँडबद्दल दोन शब्द. नोर्डओस्टपोल्डर १९४२ मध्ये पाण्यातून कोरडा झाला. तिथे जमीन कोणाला द्यायची ते सरकारने अर्जदारांना पारखून ठरवलं. मैलोन्मैल सरळ शेतं, समुद्रसपाटीखाली, बटाटा, बीट, कांदा. आम्ही लासलगावचे, त्यामुळे तो कांदा बघून पोटात कालवाकालव झाली. मार्च-एप्रिलमध्ये यंत्राने थेट पेरणी, रोप लावणं नाही, काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात. आपल्याकडे रोपं लावायला बायका मिळत नाहीत म्हणून रडतो आपण. बाबांना शॉकलँड जरूर दाखव. पूर्वी ते बेट होतं, १८५९ मध्ये सरकारने माणसं हलवली, आता भोवती शेतं आणि ते मध्ये उंचवट्यासारखं.

मधली_आळी
खाण्याचं राहिलं. शाकाहारींची अजिबात अडचण नाही, फक्त गाडीत कुकर असू दे. फोडणी मात्र बाहेर, छताखाली छोट्या शेगडीवर करा. आत केलीत तर गाद्यांना आठवडाभर वास येतो आणि भाड्याच्या गाडीचे सफाईचे पैसे कापतात. रस्त्याकडेच्या टपरीवर अंडी, बटाटे, स्ट्रॉबेरी ठेवलेली असतात, डब्यात पैसे टाकायचे. वुर्डेनच्या बाजूला शेतावरचं चीज घ्या, त्यात जिरं घातलेलं मिळतं आणि मेथीदाणे घातलेलंही. सासऱ्यांनी मेथीचं चीज भाकरीबरोबर खाल्लं आणि पुढे रोज मागितलं. रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ) चालत नसेल तर मात्र आधी विचारा, पारंपरिक चीजमध्ये ते वासराच्या पोटातलं असतं.

पाटाचं_पाणी
सगळ्यांचे मनापासून आभार. चीजमधल्या रेनेटचं बरं सांगितलंत, आई विचारणारच होती.

घाटमाथा, तुमचं अर्धं ऐकते. कॅम्परनेच जाऊ, पण रोज जागा बदलणार नाही. तीनच शेतं, प्रत्येक ठिकाणी सलग काही रात्री. मधे पाठ दुखलीच तर शेवटचा मुक्काम तुम्ही म्हणता तसा खोलीत. सुट्या बिछान्यांची गाडी मिळाली आहे, पट्टे चार आहेत, लांबी सात मीटर. पाऊस असेल तर आधी ड्रेन्थ, नसेल तर आधी फ्रीसलँड.

शेवटचं: शेतकऱ्याला फोन कधी करावा? दोन ठिकाणी संध्याकाळी सहाला केला, कोणी उचलला नाही.

दूधपंढरी
सहाला धारा काढत असतील गं! किंवा जेवत असतील, डच माणूस सहाला जेवतो. सकाळी दहा ते बारा किंवा दुपारी दोन ते चार कर. पोचायचंही दुपारीच ठेव, म्हणजे उजेडात गाडी नीट लागेल आणि संध्याकाळच्या धारेला बाबा गोठ्यात असतील. सगळ्यांकडे यंत्रमानव नसतो, आणि हाताने नळ्या लावणारा शेतकरी बोलायला जास्त मोकळा असतो. फोनवरच सांग की वडील शेतकरी आहेत, गोठा बघायचाय.

चिखलवाट
आणि सात मीटर म्हणून सांग. विसरू नकोस.